सातवीच्या खोलीचं लॅटिन

अर्जात तो शब्द सरांनी स्वतःच्या हाताने घातला होता, तेव्हा दोष तरी कुणाला देणार? पण माणूस दोष दिल्याशिवाय राहतो थोडाच. अश्वजित वाठोरे सरांनी तो शेजारच्या गफ्फारभाईंना दिला.

झालं ते असं. महागाव तालुक्यात फुलसावंगीच्या पुढे एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथले लोक वाचतात आणि मग फोन करून भांडतात. त्या गावच्या शाळेत सातवीची खोली आहे आणि तिच्या छताचे पोपडे पडतात. पोपडे म्हणजे तुम्हाला चुन्याचे वाटतील, कागदासारखे. तसे नव्हेत. सिमेंटचे, पोळपाटाएवढे. आतल्या सळ्या गंजून फुगलेल्या, पावसाळ्यात त्यांच्यावरून लाल पाणी ठिबकायचं, आणि वर कठड्याच्या सांदीत पिंपळ उगवून माणसाएवढा झालेला. सर त्या खोलीत इंग्रजी शिकवायचे, पण एक डोळा पुस्तकावर आणि दुसरा छतावर. पुढे पुढे ही सवय घरापर्यंत आली. घास तोंडात घालायच्या आधी सर वर बघायचे.

"वर काय पाहून राह्यले?" दीपमालाबाईंनी एकदा विचारलं. सरांच्या या पत्नी आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या आणि त्यांना भलत्या ठिकाणी लक्षणं दिसलेली आवडत नसत. "पंखा आहे तो. पडत नाही."

"त्या खोलीतला पन पडत नव्हता," सर म्हणाले. "एक दिवस हुकासकट खाली आला. रविवार होता म्हनून."

खोली धोक्याची ठरवून बंद करावी आणि नवी द्यावी, एवढंच मागणं होतं. 'वर्गखोली शिकस्त झाली आहे' असे मराठी अर्ज मुख्याध्यापक खेमसिंग राठोड यांच्या सहीने गेले, पुन्हा गेले, आणि तालुक्याच्या कार्यालयात जाऊन माहेरपणाला आल्यासारखे राहिले. तोवर पोरांना झाडाखाली बसवू म्हटलं, तर राठोड सर हात जोडायचे. "वाठोरे सर, झाडाखाली बसवलं का रस्त्यानं जाणारा फोटो काढते, गावाच्या ग्रुपवर टाकते, अन् नोटीस मले येते. वर्ग बाहेर न्याले लेखी आदेश पायजे. आदेश आना, उद्या नेतो." राठोड सर वाईट माणूस नव्हते. त्यांची निवृत्ती तोंडावर आली होती एवढंच.

इथे गफ्फारभाई आले. घराला घर लागून, गॅरेज रस्त्यावर. स्कूटरचं इंजिन उघडून बसले की त्यांच्या तोंडून सल्ले आपोआप गळायचे.

"सर, ये मराठीवाला काम छोडो. इंग्रजीत टाका अर्ज. साहेब लोकायले इंग्रजी कागद बाजूले ठेवता येत नाही. कोनी पाह्यलं तं म्हनन, याले वाचताच आला नाही."

सरांना ते पटलं. पटलं म्हणजे काय, मनातल्या मनात ते कधीचे तिथेच उभे होते. त्यांनी अर्ज लिहायला घेतला. आता खोलीला 'ओल्ड' म्हणता आलं असतं, 'ब्रोकन' म्हणता आलं असतं. पण जे शब्द आपण पाचवीच्या पोरांना शिकवतो ते साहेबाला लिहायचे? सरांनी डोळे मिटून विचार केला आणि लिहिलं: 'डिलॅपिडेटेड'. मोडकळीला आलेलं, पडायला झालेलं. घशात तीन वळणं घेऊन बाहेर येणारा शब्द. सरांनी तो दीपमालाबाईंना मोठ्याने वाचून दाखवला.

"गोळी आहे का इंजेक्शन?" बाई म्हणाल्या.

आणि गफ्फारभाई खरे ठरले. अर्ज खरंच परत आला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या कार्यालयातून काहीतरी परत आलं होतं. फक्त त्या शब्दाभोवती हिरव्या शाईचा गोल होता आणि समासात लिहिलं होतं, 'सदर शब्दाचा अर्थ स्पष्ट करावा.'

तुमच्या-आमच्यासाठी हे एका ओळीचं काम. दीपमालाबाईंनी भाजी चिरता चिरता ती ओळ सांगितलीसुद्धा. "लिहून द्या ना, मोडकळीस आलेली. झालं."

पण तो गोल! वाठोरे सरांनी उभ्या हयातीत हजारो गोल काढले होते, पोरांच्या वह्यांवर. गोलाचा अर्थ काय असतो हे त्यांच्याइतकं महागाव तालुक्यात कुणाला कळत नव्हतं. गोल म्हणजे चूक, नाहीतर शंका. सरांच्या शब्दावर शंका? सरांना त्या संध्याकाळी चहा गेला नाही. त्यांनी ठरवलं, अर्थ मागतो काय, शब्दाची सात पिढ्यांची कुळी मांडून देतो. वाचून साहेबाचं डोकं गरगरलं पाहिजे आणि त्याच गरगरीत त्याने खोलीवर सही केली पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, खिशात मोबाइल आहे, काढायचा आणि बघायचं. बघितलंच की. चहा गार व्हायच्या आत उत्तर आलं. शब्द मूळचा लॅटिन. 'लापिस' म्हणजे दगड, आणि आधीचा 'दिस' म्हणजे सुटंसुटं, वेगळं, इकडेतिकडे. दगड सुटून इकडेतिकडे होणं. सर हरखून गेले. रोमन लोकांनी सातवीची खोली बघितली नव्हती, नाहीतर त्यांनी आणखी दोन-चार शब्द काढले असते. सरांनी लांबलचक खुलासा लिहिला आणि स्वतः महागावला नेऊन दिला.

कार्यालयात अतुल देवसरकर नावाचा लिपिक होता. माणूस गोड. त्याने खुलासा पूर्ण वाचला, जे आजवर त्याने कधी केलं नव्हतं, आणि तिथेच घोळ झाला.

"सर, लय भारी लिवलं. पन एक अडचन आहे. तुमी म्हनता दगड. तुमची खोली कायची आहे?"

"विटा-सिमेंटची."

"मग?" अतुलने कागद उलटा करून पाठीमागे दगड सापडतो का ते पाहिलं. "दगडी बांधकामाचं टेबल वेगळं आहे जी. ते जुन्या वास्तूंचं. तिकडे पाठवलं तं ते जपून ठेवा म्हनतीन. पाडू देनार नाहीत."

खोली पाडायला निघालेला माणूस, आणि खोली जपून ठेवा असा शेरा आला तर? ते घरी आले ते थेट मोबाइलमध्ये शिरले. आणि हाय रे दैवा, त्यांना वाट सापडली. रोमन लोक म्हणे हा शब्द मालमत्ता उधळून टाकण्यालाही वापरत. म्हणजे दगड असलाच पाहिजे अशी सक्ती नाही! पुरवणी खुलासा गेला: 'मूळ लॅटिनमध्ये सदर शब्दाचा अर्थ मालमत्ता उधळणे, वाया घालवणे असाही आहे.'

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत राठोड सर कागदासारखे पांढरे होऊन स्टाफरूममध्ये आले. हातात फोन.

"वाठोरे सर, त्या अतुलचा फोन होता. शाळेची मालमत्ता कोनी उधळली म्हनून विचारून राह्यला! दुरुस्तीचा निधी माह्या काळात आला होता भाऊ. छतावर डांबर टाकलं, सगळ्या गावानं पाह्यलं. तुमी माह्यावर चौकशी लावता का?"

"मी नाही सर, रोमन लोक..."

"रोमन लोकायले माह्यं नाव कोनं सांगतलं?" राठोड सर खुर्चीत बसले आणि त्यांना पाणी द्यावं लागलं.

पाण्याचा पेला अजून त्यांच्या हातात होता तोच पलीकडून आवाज आला. भद्दकन. मग पोरांचा कालवा. दोघेही धावले. सातवीच्या खोलीत मधोमध धूळ उडत होती आणि शमा शेख नावाच्या मुलीच्या दप्तरावर पोपडा येऊन बसला होता. मुलगी पाणी प्यायला गेली होती. दप्तरातला डबा चपटा झाला होता. सरांनी तो हातात घेतला आणि ते तो दाबून दाबून पुन्हा डब्याच्या आकारात आणायला लागले. मुलगी मात्र डब्याकडे बघून म्हणाली, "सर, अम्मी मारती आता."

त्या दिवशी सर घरी गेले ते थेट पडून राहिले. मनातून ते स्वतःला शिव्या देत होते. पोरं त्या छताखाली बसतात आणि आपण दगड की उधळपट्टी करत बसलोय! पण आता माघार तरी कशी घ्यायची? अतुलने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं: उधळण्याचा अर्थ लेखी मागे घ्या, आणि उरलेलं लॅटिन आहे याला जाणकाराचं साक्षांकन लावा. "परभाषेतला मजकूर आहे सर. उद्या कोनी म्हनलं का हे लॅटिन नाही, तेलगू आहे, तं मी काय सांगू?" तोवर फाइल पुढे सरकत नव्हती, फाइल सरकल्याशिवाय आदेश नव्हता, आणि आदेशाशिवाय राठोड सर पोरांना दाराबाहेर काढत नव्हते. शब्द काढून टाकावा आणि नव्याने साधा अर्ज करावा, तर नवा अर्ज रांगेच्या शेवटी. म्हणजे पुन्हा माहेरपण.

लॅटिन कुणाला येतं? गफ्फारभाईंकडे उत्तर होतंच. "होमिओपॅथीवाले डॉक्टर. उनकी हर गोली लॅटिन है."

महागावच्या होमिओपॅथी डॉक्टरांनी सरांना शांतपणे बसवलं. "मला लॅटिन गोळीपुरतंच येतं," ते म्हणाले, "पण तुमचा चेहरा बरा नाही. छताची भीती सकाळी जास्त वाटते की संध्याकाळी? उकाड्याने वाढते? कुणी जवळ बसलं की बरं वाटतं?" सर खरं तर साक्षांकनासाठी गेले होते, पण इतक्या दिवसांत इतक्या आपुलकीने त्यांना कुणी भीतीबद्दल विचारलं नव्हतं, म्हणून ते बराच वेळ सांगत बसले. बाहेर आले तेव्हा खिशात साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची बाटली होती. भीती तशीच होती, फक्त तोंड गोड झालं होतं.

"लॅटिन, लॅटिन!" दीपमालाबाई त्या बाटलीकडे बघून भडकल्या. "डॉक्टर चिठ्ठीवर बीडी न् टीडीएस लिहितात ना, दिवसातून दोनदा न् तीनदा घ्या म्हनून, तेही लॅटिनच आहे म्हनतात. मी कोनाले सांगत बसते का? गोळी देते न मोकळी होते. तुमी कायले गुंतून राह्यले त्याच्यात?"

पण सरांकडे आता पत्ता होता. डॉक्टरांनीच दिला होता. झरी जामणीकडे उकंडा आत्राम नावाचे वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक राहतात, जंगलातल्या प्रत्येक झाडाचं लॅटिन त्यांना तोंडपाठ आहे.

झरी जामणी म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. सर शुक्रवारी रजा टाकून निघाले, गफ्फारभाईंच्या मोटारसायकलवर मागे बसून. गफ्फारभाई का आले? सल्ला आपला होता, तो कुठवर जातो हे त्यांना बघायचं होतं. वाटेत गाडी दोनदा बंद पडली. जिल्ह्यातला नावाजलेला मेकॅनिक स्वतःच्या गाडीला लाथा मारत रस्त्यात उभा आणि कापसाच्या गाड्यांवरचे लोक वाकून वाकून बघतायत, हे दृश्य सरांना थोडं सुखावून गेलं. बेअब्रू वाटून घेतली की हलकी होते.

आत्राम सर अंगणात मोहाच्या रोपांना पाणी घालत होते. त्यांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"सागवान विचारा, टेक्टोना ग्रँडिस. मोह विचारा. पण वाठोरे सर, इमारतीचं लॅटिन आपल्याकडे नाही हो. माझं लॅटिन हिरवं आहे." मग त्यांना पाहुण्याचा चेहरा बघून दया आली असावी. "त्या छतावर काही उगवलंय का?"

"पिंपळ आहे."

"मग सांगायचं ना आधी! फायकस रिलिजिओसा." ते आत गेले आणि सुंदर अक्षरात लिहून घेऊन आले की सदर वृक्षाचं मूळ स्लॅबमध्ये शिरलं की भेग रुंदावत जाते आणि बांधकाम तग धरत नाही. खाली सही. "शिक्का नाही आता, निवृत्त झालो तेव्हाच जमा केला. पण झाड कुणी नाकारू शकत नाही. ते उभंच आहे."

सरांना एकदम रडू आल्यासारखं झालं. इतक्या दिवसांत हातात पहिल्यांदा काहीतरी भक्कम आलं होतं. लॅटिनही होतं आणि खरंही होतं. आत्राम सरांनी त्यांना सोडलं नाही, रात्री भाकर खाऊ घातली, मुक्काम करायला लावला, आणि सकाळी निघताना फोन वाजला. राठोड सर.

"वाठोरे सर, आहात कुठं? कालपासून फोन लावून राह्यलो! साहेब येऊन राह्यले! आज! स्वतः खोली पाहनार म्हनतात. तुमी काळजी करू नका, मी सगळं करून ठेवलं आहे."

सगळं म्हणजे काय, ते सरांना तेव्हा कळलं नाही.

कळायला हवं होतं. साहेब येणार म्हटलं की आपल्याकडे शाळेत काय होतं? सगळी हयात राठोड सरांनी तेच केलं होतं, त्यांच्या आधीच्यांनीही तेच केलं होतं. साहेब येणार म्हणजे रंग. साहेब येणार म्हणजे रांगोळी, तोरण, मांडव, शाल, नारळ. हात आपोआप चालतात, डोक्याला विचारतच नाहीत. सर दुपारी शाळेच्या फाटकात उतरले आणि तिथेच थिजले.

सातवीची खोली नवरीसारखी नटली होती.

भिंती पिवळ्या, छत आकाशी. सळ्या दिसत नव्हत्या, पोपड्यांचे खड्डे दिसत नव्हते, सगळीकडे पुट्टी चोपडून वर रंग. मागच्या भिंतीवर जी भेग कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत गेली होती, तिथे पेंटरने जिल्ह्याचा नकाशा काढला होता आणि भेग जशी गेली तशी पैनगंगा नेली होती. सरांना कबूल करावं लागलं, नदी झकास आली होती. आणि पिंपळ? पिंपळाला हात लावायला गावात एकही माणूस तयार झाला नव्हता, तेव्हा राठोड सरांनी त्याच्यासमोर 'सुस्वागतम्'चा भला मोठा फ्लेक्स ताणला होता. एक दोरी तर पिंपळालाच बांधली होती.

"सर!" वाठोरे सर ओरडले. "खोली पडकी दाखवायची होती!"

राठोड सर ब्रश हातात घेऊन उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. तोंड उघडं राहिलं. "अरे बाप्पा," ते म्हणाले. "साहेब येते म्हनल्यावर... माह्या ध्यानातच नाही आलं भाऊ." आणि हे अगदी खरं होतं. गावाच्याही ध्यानात आलं नव्हतं. सगळं गाव आदल्या दिवसापासून राबत होतं.

पुट्टी खरवडायला सरांनी पट्टी उचलली तेवढ्यात गाडी आली.

साहेब तरुण होते, घाईत होते, आणि त्यांना अजून दोन गावं करायची होती. मांडवात शाल झाली, नारळ झाला. मग ते खोलीच्या दारात उभे राहिले, आत पाहिलं, वर पाहिलं, आणि हसले. "ही खोली? हिच्यासाठी इंग्रजी अर्ज? राठोड सर, अहो माझं कार्यालय एवढं चांगलं नाही."

"साहेब, तो शब्द..." वाठोरे सर पुढे झाले. खिशातून कागदांची चळत काढली. लापिस, दिस, रोमन, फायकस रिलिजिओसा, सगळं.

"कोणता शब्द?"

"आपण गोल केला होता. हिरवा."

साहेबांनी आठवून बघितलं. नाही आठवलं. "मी रोज कितीतरी गोल करतो हो," ते म्हणाले, अगदी सरळ मनाने, आणि अतुलकडे वळले. "लिहा. खोली वापरण्यायोग्य. रंगकाम उत्तम. आणि हो, मुलांना आत बसवा, एक फोटो घेऊ."

शनिवारची सकाळची शाळा साहेबांसाठी दुपारपर्यंत लांबवली होती. घंटा झाली. मुलं आत शिरली.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. शमाच्या दप्तरावर पोपडा पडला त्या दिवसानंतर सरांनी वर्गात एक नियम केला होता. कुणाला विचारला नाही, कुठे लिहिला नाही. भिंतीला पाठ लावून बसायचं, मधे यायचं नाही. मुलांच्या ते अंगवळणी पडलं होतं. साहेब असोत की शाल असो, मुलं नेहमीसारखी आली आणि नेहमीसारखी चारी भिंतींना चिकटून बसली, गुडघे पोटाशी घेऊन, दाटीवाटीने. मधली सगळी जागा रिकामी. तिथे नुसती रांगोळी.

फोटोवाल्याने मोबाइल खाली घेतला. "अरे मधे या ना रे. मधे या."

कुणीही हललं नाही.

"असे का बसलेत?" साहेबांनी विचारलं.

"खेळाले जागा ठेवली साहेब," राठोड सर घाईघाईने म्हणाले.

"मधात बसाचं नाही," शमा म्हणाली. "मधात वरतून पडते."

साहेबांनी राठोड सरांकडे पाहिलं. "या बरं आत. दोघे इथे मधे उभे राहू." राठोड सर उंबऱ्याबाहेरच राहिले. पेंटर दोन पावलं मागे सरकला. नारळ देणारे, शाल देणारे, मांडव घालणारे, सगळे जिथे होते तिथे उभे, आणि तेव्हा साहेबांच्या लक्षात आलं असावं की एवढी सजवलेली खोली सोडून आपला सत्कार बाहेर उन्हात मांडवात झाला.

"सर," ते वाठोरे सरांना म्हणाले, "तुम्ही सांगा. काय म्हणायचंय तुम्हाला?"

वाठोरे सरांनी हातातल्या कागदांकडे पाहिलं. इतके दिवस ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो प्रश्न समोर आला होता. तोंड उघडलं. आणि लॅटिन नाही, इंग्रजी नाही, शाळेतली मराठीही नाही, सरांच्या तोंडून घरचीच भाषा बाहेर पडली.

"साहेब, मले भेव लागते जी. रोज लागते. घंटी झाली का पहिले मी लेकरं मोजतो. सुटताना पुन्हा मोजतो. हे माह्या भरवशावर इथं येऊन बसतात. एखाद्या दिवशी एक कमी भरलं, तं त्याच्या मायले मी कोनता शब्द सांगू?"

सरांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. साहेबांनी कोपऱ्यातला झेंड्याचा बांबू उचलला आणि आकाशी छताला हलकेच टोकलं. पोकळ आवाज आला. थोडं पुढे टोकलं. तिथेही तसाच. पुट्टीचा भुगा त्यांच्या नव्या शालीवर पडला. साहेबांनी बांबू खाली ठेवला आणि ते भिंतीला पाठ लावून, मुलांच्या रांगेत उभे राहिले.

"अतुल," ते म्हणाले, "आधीचं खोडा. सगळ्यांना बाहेर काढा. आत्ता."

आदेश त्यांनी तिथेच मांडवात बसून लिहिला. खोली आजपासून बंद, इंजिनिअर सोमवारी, वर्ग गावातल्या हॉलमध्ये. साधं मराठी, एकही शब्द असा नाही की ज्याचं मूळ शोधायला जावं. राठोड सरांनी खोलीला कुलूप घातलं आणि दोनदा ओढून पाहिलं.

सोमवारी वर्ग गावातल्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये भरला. विहार कमिटीच्या विमलताईंनी तो पहाटेच झाडून ठेवला होता. वर उंच टिनाचं छप्पर, चारी बाजूंनी वारा. सर आत आले आणि बघतात तर मुलं भिंतींना चिकटून बसलेली. मधली सतरंजी तशीच रिकामी.

"मधे या रे," सर म्हणाले. "आता बसता येते मधे."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. शमाने मान वर करून टिनाकडे नीट पाहून घेतलं. "वरतून पडत नाही ना सर?"

"नाही पडत."

"खरंच?"

सरांनी वर पाहिलं. मग ते चपला काढून सतरंजीच्या बरोबर मधोमध जाऊन मांडी घालून बसले आणि पुस्तक उघडलं. पहिलं पान वाचून होईपर्यंत कुणी हललं नाही. मग शमा थोडी सरकली. तिच्यामागून आणखी कुणी. पाठ्यपुस्तकातला धडा अर्ध्यावर आला तेव्हा सगळा वर्ग सरांभोवती असा दाटला होता की सरांना मांडी मोडायलासुद्धा जागा उरली नव्हती.